मेमरीला डाग

मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रूशियल’ हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा-सेंटरांची मागणी भागवायची तर सामान्य ग्राहकासाठी वेगळी क्षमता राखून ठेवणे परवडत नाही, असा त्या घोषणेचा सरळ अर्थ होता. जगातील डीरॅमचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या हाती एकवटलेले आहे. तिघींनीही आपल्या कारखान्यांचा मोठा हिस्सा ‘एचबीएम’ या महागड्या, थरावर थर रचलेल्या मेमरीकडे वळवला आहे. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन एचबीएम खाते. परिणाम उघड होता. लॅपटॉपमध्ये घालायच्या मेमरीचे भाव चढले, आणि पुढच्या सत्रासाठी यंत्र घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्यांनी ती बातमी बाजारभावाची बातमी म्हणून वाचली.

बाजारभाव चढतात आणि उतरतात. मेमरीचा धंदा तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. या शतकाच्या आरंभी संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेच्या न्यायखात्याने 2005 मध्ये सॅमसंगला 30 कोटी आणि हायनिक्सला 18.5 कोटी डॉलरांचा दंड केला होता. तेजीमंदीचे चक्र पुन्हा फिरेल. खेद करावा असे त्यात विशेष काही नाही. खेदाची गोष्ट वेगळी आहे. भाव उतरेल तेव्हा त्याचा लाभ घेण्याची सोयच बहुसंख्य खरेदीदारांकडे उरलेली नाही, कारण त्यांच्या लॅपटॉपमधली मेमरी बोर्डाला कायमची जोडलेली आहे. सोनार दागिन्याची तुटलेली कडी जोडतो त्याला डाग देणे म्हणतात. लॅपटॉपच्या मेमरीला असा डाग दिला गेला आहे आणि तो ग्राहकाला सांगून दिला गेलेला नाही.

परिस्थिती नेमकी कशी येते ते पाहावे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी घरच्यांनी पै-पै जमवून लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. खोक्यावर ‘8 जीबी रॅम’ असते आणि त्या वेळी ती पुरते: दोन-चार पीडीएफ, एखादे व्याख्यान, प्रयोगवहीचे आलेख. एम.एस्सी.ला येईपर्यंत कामाचे स्वरूप बदलते. विंडोज स्वतःसाठी तीन-चार जीबी घेऊन बसते, एकात्मिक ग्राफिक्स त्याच मेमरीतून आपला वाटा उचलते, ब्राउझरमध्ये उघडलेले शोधनिबंध उरलेल्याचा फडशा पाडतात. मग पायथॉनमध्ये लिहिलेला पहिला गंभीर कार्यक्रम चालवला की यंत्र गोठते. ज्येष्ठ विद्यार्थी सल्ला देतो, आणखी 8 जीबी टाक, दहा मिनिटांचे काम आहे. लॅपटॉप उघडला जातो आणि स्लॉटच्या जागी काळ्या चिपांची एक निमूट रांग दिसते. तीन वर्षांपूर्वी, विषय कोणता घ्यायचा हेही ठरलेले नसताना, पुढच्या पाच-सहा वर्षांच्या मेमरीचा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो घेणाऱ्याला आपण तो घेत आहोत याची कल्पनाही नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मेमरी वाढवून एवढे काय साधते? वेगवान प्रोसेसर घ्यावा, नव्या पिढीची मेमरी घ्यावी. हा आक्षेप जाहिरातींनी रुजवलेला आहे आणि आकडे मांडले की तो टिकत नाही.

डीरॅमचा मूळ घटक अजूनही तोच आहे, जो आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये सुचला आणि ज्याचे पेटंट 1968 मध्ये मिळाले: एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र. धारित्रात भार आहे की नाही एवढ्यावर एक बिट. हा भार फार तर काही दहा हजार इलेक्ट्रॉनांचा, आणि तोही गळका. म्हणून प्रत्येक ओळ नेहमीच्या तापमानाला 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते, डीडीआर5 मध्ये तर 32 मिलिसेकंदांच्या आत. इतक्या क्षीण भाराची चाहूल घ्यायची, ती वाढवायची आणि मग वाचायची, यात जाणारा वेळ धारित्राच्या व तारांच्या भौतिकीने बांधलेला आहे. डीडीआर3-1600 चे प्रचलित सीएल11 मोड्यूल घेतले तर हा वाचनविलंब 13.75 नॅनोसेकंद येतो. डीडीआर4-3200, सीएल22: पुन्हा 13.75 नॅनोसेकंद. डीडीआर5-5600, सीएल46: 16.4 नॅनोसेकंद. डीडीआर3 चे मानक 2007 चे, डीडीआर5 चे 2020 चे. तेरा वर्षांत खोक्यावरचा आकडा साडेतीन पट झाला आणि पहिला शब्द हाती येण्याचा वेळ किंचित वाढलाच.

वाढली ती वहनक्षमता. एका मोड्यूलमागे ती 12.8 वरून 25.6 आणि तिथून 44.8 जीबी प्रति सेकंद झाली, आणि ती खोटी नाही. मोठ्या सरणींवर ओळीने काम करणाऱ्या कार्यक्रमांना व एकात्मिक ग्राफिक्सला तिचा खराच लाभ होतो. एकाऐवजी दोन मार्गांनी मेमरी जोडली की ती दुप्पट होते, हेही खरे. परंतु हा सारा हिशेब मेमरी पुरते आहे तोवरचा आहे. मेमरी संपली की कार्यप्रणाली पाने एसएसडीवर टाकू लागते. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतची फेरी सुमारे 100 नॅनोसेकंदांची, एसएसडीपर्यंतची काही दहा मायक्रोसेकंदांची. फरक शेकडो पटींचा आहे. सीएल22 की सीएल20 यावर तासन्तास काथ्याकूट करणारे ‘स्पेसिफिकेशन’प्रेमी काही टक्क्यांसाठी भांडत असतात, 8 जीबीत न मावणारी सरणी 16 जीबीत मावली तर काही तासांचे काम काही मिनिटांत होते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये मेमरीची क्षमता आधी, मार्गांची संख्या त्यानंतर आणि घड्याळाचा वेग सर्वांत शेवटी, हा क्रम बदलण्याचे काही कारण दिसत नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असे उदाहरण घ्यायचे तर एका ओळीत मांडलेल्या स्पिनांचे. प्रत्येक स्पिनला दोन अवस्था, म्हणून 14 स्पिनांसाठी 16,384 अवस्था. हॅमिल्टनियनची पूर्ण सारणी दुहेरी अचूकतेने साठवायची तर 2 जीबी. 15 स्पिनांना 8 जीबी, 16 ना 32 जीबी. एक स्पिन वाढला की मागणी चौपट. इथे कोणी चलाख वाचक म्हणेल की सममिती वापरावी, आणि त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. एकूण चुंबकन अबाधित राहते एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तर 16 स्पिनांचा सर्वांत मोठा गट 12,870 अवस्थांचा उरतो आणि सारणी 1.3 जीबीत बसते. डोके चालवून वाचवलेली मेमरी ही विकत घेतलेल्या मेमरीपेक्षा नेहमीच श्रेष्ठ. 64 जीबी मिरवणाऱ्या आणि विरळ सारणी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या यंत्रधाऱ्यांची कीव करावी. पण त्याच रीतीने 18 स्पिनांकडे गेले की 48,620 अवस्था होतात आणि सुमारे 19 जीबी लागतात. प्रश्नाची भूक अशी पायऱ्यांनी वाढते आणि कोणती पायरी गाठायची आहे हे प्रश्नाला हात घातल्यावरच कळते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याची गत अधिक बिकट आहे: आरएनएचे तुकडे मानवी जनुकसंचाशी जुळवणारे ‘स्टार’ हे सॉफ्टवेअर सुमारे 30 जीबी मेमरी मागते आणि तिथे सममितीची सवलत नाही.

‘मग महासंगणकावर जा’, असेही सांगितले जाते. 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाने देशातल्या अनेक संस्थांत परम मालिकेची यंत्रे उभी केली, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु ज्या संस्थेत असे यंत्र आहे तिथल्या विद्यार्थ्याला लॅपटॉपमधल्या 8 जीबीची फिकीर तशीही कमीच असते. प्रश्न आहे तो जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाचा, जिथे विभागाच्या प्रयोगशाळेतले संगणक शिपायाच्या किल्लीवर अवलंबून असतात. गूगलच्या कोलॅबवर साधारण 12 जीबी फुकट मिळते. जोडणी तुटली की सत्र संपते आणि मेमरीतले सारे जाते. स्वतःचे यंत्र हीच पुष्कळांची एकमेव प्रयोगशाळा आहे.

आता उत्पादकांची बाजू. ती पूर्ण खोटी असती तर तिचा प्रतिवाद सोपा होता; ती अर्धी खरी आहे.

सेकंदाला अब्जावधी स्पंदने तांब्याच्या रेघेतून जाऊ लागली की ती रेघ साधी तार राहत नाही, संक्रमण-वाहिनी होते. वाटेत आलेला प्रत्येक सांधा तरंगाचा काही अंश परत फेकतो. स्लॉट हा असाच सांधा आहे. रेघ आखूड केली, सांधा काढला, तर कमी व्होल्टेजवर अधिक वेग मिळतो; एलपीडीडीआर प्रकारची मेमरी या तत्त्वावरच चालते आणि बॅटरी वाचवते. दुरुस्तीयोग्य यंत्रे हेच ज्या फ्रेमवर्क कंपनीचे ब्रीद, तिलाही 2025 मध्ये जाहीर केलेल्या डेस्कटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच जोडावी लागली, कारण त्यातल्या एएमडी प्रोसेसरला 256 बिट रुंदीच्या मार्गावर जो वेग हवा होता तो सांध्यातून स्वच्छ मिळेना. कंपनीने ते उघडपणे सांगितले. अशा ठिकाणी हरकत घेण्याचे कारण नाही.

परंतु हा युक्तिवाद घेऊन विद्यार्थ्यांच्या यंत्रांकडे यावे. बेताच्या किमतीच्या कित्येक लॅपटॉपांमध्ये बोर्डाला चिकटवलेली मेमरी एलपीडीडीआर नसतेच. ती साधी डीडीआर4-3200 असते, 1.2 व्होल्टची, तंतोतंत त्याच वेगाची, जी स्लॉटमध्ये बसणाऱ्या मोड्यूलवरही मिळते. तिथे तरंगांच्या परावर्तनाचे कारण पुढे करणे ही भौतिकशास्त्राची विटंबना आहे. त्या ठिकाणी वाचलेली गोष्ट एकच: स्लॉटचा खर्च व जागा. मोड्यूल सुमारे 7 सेंटिमीटर लांब आणि 3 सेंटिमीटर रुंद असते. जाडजूड प्लास्टिकच्या यंत्रात तेवढी जागा मिळत नाही, यावर विश्वास ठेवायला फार भाबडे असावे लागते.

उरलेल्या अर्ध्या युक्तिवादालाही आता उत्तर आहे. जेडेक या मानकसंस्थेने डिसेंबर 2023 मध्ये कॅम2 हे मानक प्रसिद्ध केले. त्यात मोड्यूल स्लॉटमध्ये खोचले जात नाही. ते बोर्डावर सपाट दाबून स्क्रूने बसवले जाते, म्हणून रेघा आखूड राहतात. त्याच्या एलपीकॅम2 या रूपात एलपीडीडीआर मेमरीही बदलता येते, आणि 2024 च्या लेनोवो थिंकपॅड पी1 मध्ये ती प्रत्यक्ष बसवली गेली. त्याच वर्षीच्या थिंकपॅड टी14 मध्ये, जिथे आधीच्या पिढ्यांत अर्धी मेमरी चिकटवलेली असे, दोन स्लॉट परत आले. इंटेलने 2024 मध्ये ‘लूनर लेक’ प्रोसेसरच्या वेष्टनातच मेमरी बसवली होती. पुढे ती रीत चालवणार नाही, हेही इंटेलनेच त्याच वर्षी सांगितले, अर्थात ग्राहकावरील मायेने नव्हे, नफा घटत होता म्हणून. तेव्हा डाग देणे ही तंत्रज्ञानाची अपरिहार्य दिशा आहे असे जे भासवले जाते ते खरे नाही. तो निवडीचा भाग आहे, आणि निवड कोणाच्या सोयीने होते हे किमतीच्या पायऱ्या सांगतात.

ॲपलने 2008 मधल्या पहिल्या मॅकबुक एअरपासून मेमरी बोर्डावर जोडायला आरंभ केला. ग्राहकाला यंत्र घेतानाच मेमरी ठरवावी लागली की प्रत्येक पायरीचा भाव बाजार ठरवत नाही, कंपनी ठरवते. भारतात मॅकबुक एअरची मेमरी 8 जीबींनी वाढवण्यासाठी 20,000 रुपये मोजावे लागत आले आहेत, आणि बाजारात मेमरी स्वस्ताईच्या तळाशी होती त्या काळातही ते मोजावेच लागत होते. 2024 च्या ऑक्टोबरात कंपनीने पायाभूत मेमरी 8 वरून 16 जीबी केली, तीही त्याच किमतीत. वर्षानुवर्षे 20,000 रुपयांना विकली जाणारी वस्तू एका संध्याकाळी विनामूल्य देता आली. इतर कंपन्यांचे वागणे याहून फार निराळे नाही. फरक इतकाच की ॲपलचा ग्राहक ते जाणून घेतो आणि स्वस्त यंत्राचा ग्राहक अजाणता.

भारताच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि विज्ञानवार्तांमध्ये त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. अर्धवाहक अभियानाला 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मायक्रॉनचा साणंद येथील प्रकल्प 2023 मध्ये जाहीर झाला, केंद्र आणि गुजरात सरकारने त्याच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला, आणि ‘मेमरी आता भारतात बनणार’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. साणंदला होते ती जोडणी, चाचणी आणि वेष्टन. ते काम महत्त्वाचे आहे, त्यातून कौशल्य आणि रोजगार येतो. पण जिथे धारित्रे कोरली जातात ते डीरॅमचे वेफर भारतात बनत नाहीत. धोलेऱ्याचा टाटांचा कारखाना उभा राहील तेव्हाही त्याचे क्षेत्र मेमरी नसेल. म्हणजे या देशात आलेला मेमरीचा प्रत्येक बिट बाहेरच्या वेफरवरून आलेला आहे, आणि टंचाईच्या काळात देशाजवळचा खरा साठा कोणता, तर आधीच येऊन पडलेला.

तो साठा वापरात ठेवण्याचे काम आजवर कोणत्याही अभियानाशिवाय चालत होते. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून मोड्यूल काढायचे, दुसऱ्या यंत्रात लावून एक रात्र तपासायचे, ठरलेल्या हमीवर विकायचे. पडदा फुटतो, बिजागरी तुटते, बॅटरी फुगते, पण मेमरीत झिजणारे भाग नसल्याने ती सहसा यंत्राच्या मागे उरते. एका यंत्रातली 8 जीबी दुसऱ्यात गेली की दोघांचा फायदा. डाग दिलेल्या मेमरीने ही साखळी तोडली. बोर्ड गेला की त्यावरची धडधाकट मेमरीही भंगारात. चिप उष्णतेने सोडवून, तिच्या तळाचे गोळे नव्याने बसवून ती वाचवता येते, आणि अशी कारागिरी असलेले हात या बाजारांत आहेत. पण दहा मिनिटांचे काम आता निष्णाताचे अर्ध्या दिवसाचे झाले, आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ते कधीच परवडणार नाही. उलट बाजूही तितकीच वाईट. बोर्डावरची एक चिप बिघडली तर मेमरी नव्हे, पूर्ण बोर्ड बदलावा लागतो, आणि हमी संपलेली असेल तर त्याची किंमत ऐकून बहुतेक जण नवे यंत्र घेतात. ई-कचरा नियम 2022 मध्ये उत्पादकाला पुनर्चक्रणाची लक्ष्ये दिली आहेत. कचरा झाल्यावर त्यातले तांबे आणि सोने काढण्याची तजवीज तेवढी झाली. चालू मेमरी कचऱ्यात जाऊच नये, याची कोणाला चिंता नाही.

कायद्याकडे पाहावे तर विसंगती डोळ्यांत भरते. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन, निर्मितीचा महिना, कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. लॅपटॉपची भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीची नोंदणी 2012 च्या आदेशाने सुरू झाली, म्हणजे तपासण्याची व्यवस्थाही अस्तित्वात आहे. आणि तरीही पन्नास हजारांच्या यंत्राच्या खोक्यावर मेमरी काढता येते की नाही, हे लिहिण्याची सक्ती नाही. ‘8 जीबी डीडीआर4’ एवढेच लिहिले की झाले. संकेतस्थळावर ‘ऑनबोर्ड’ हा एक निरुपद्रवी वाटणारा शब्द असतो, तोही सगळीकडे नाही. विद्यार्थ्याला तो विशेष सोयीचा गुण वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यानंतर संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्ती-सुलभता निर्देशांकावरच्या समितीचा अहवाल मे 2025 मध्ये सादर झाला. पाऊल योग्य दिशेचे आहे यात शंका नाही. पण अहवालाने पहिला मान स्मार्टफोन व टॅबलेटना दिला, आणि ज्या भागांवर गुण मोजायचे त्यांत बॅटरी, पडदा, कॅमेरा, चार्जिंगचे तोंड अशी नावे आहेत. फोनमध्ये मेमरी बदलण्याचा प्रश्नच येत नसल्याने ती यादीत नाही हे समजण्यासारखे आहे. धोका पुढचा आहे: हीच यादी उद्या थोड्या फरकाने लॅपटॉपला लावली गेली, तर डाग दिलेल्या मेमरीचा लॅपटॉप बॅटरी आणि पडद्याच्या बळावर उत्तम गुण मिळवून दुकानात उभा राहील. फ्रान्सने जानेवारी 2021 मध्ये निर्देशांक सुरू केला तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होते. शिवाय आपल्याकडे मोजले जाते ते दुरुस्तीचे. वाढ करण्याच्या सोयीचे नाव कुठे नाही. लॅपटॉपच्या बाबतीत न बिघडलेले यंत्रही अपुरे पडल्यामुळे टाकले जाते, आणि हा अपुरेपणा भरून काढता येतो की नाही याला निर्देशांकात स्वतंत्र गुण हवेत.

यापेक्षाही लवकर हलू शकणारी जागा सरकारी खरेदीची आहे. तमिळनाडूने 2011 पासून शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना राबवली. अन्य राज्यांतही उपकरणवाटपाच्या योजना येत-जात असतात. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था जेम संकेतस्थळावरून यंत्रे घेतात ती वेगळीच. लाखांच्या संख्येने मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाने निविदेत ‘किमान एक रिकामा मेमरी स्लॉट’ एवढी ओळ घातली, तर त्या एका मॉडेलचा बोर्ड बदलणे उत्पादकाला भागच पडेल, आणि तो बोर्ड पुढे दुकानातल्या यंत्रातही येईल. या ओळीला ना कायद्याची गरज आहे, ना समितीची. निविदा लिहिणाऱ्या खरेदी-समितीत बसलेल्या विज्ञानाच्या प्राध्यापकाने ती सुचवायची आहे. त्या समित्यांत प्रोसेसरच्या पिढीवर दोन-दोन बैठका होतात आणि मेमरीच्या रकान्यात आधीच्या वर्षीचा आकडा उतरवला जातो.

तोवर खरेदीला निघालेल्या विद्यार्थ्याने काय करावे? विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. बहुतेक विक्रेत्यांना खरोखरच माहीत नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची सेवा-पुस्तिका असते, तिच्यात मेमरी काढण्याचे पान आहे का ते पाहावे. पान नसेल तर स्लॉट नाही असे धरून चालावे. दुकानात मांडलेल्या यंत्रावर टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ पाहायला अर्धे मिनिट लागते: तिथे ‘एसओडिम’ असेल तर मेमरी निघते, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डाग दिलेला आहे. त्याच पानावरच्या ‘स्लॉट्स यूज्ड’ या आकड्यावर मात्र विसंबू नये, चिकटवलेल्या चिपांनाही तो कधी कधी स्लॉट म्हणून मोजतो. अर्धी चिकटवलेली आणि एक स्लॉट मोकळा असे यंत्र मिळाले तर सध्याच्या भावात तो समंजस मध्यममार्ग ठरतो. आज 8 जीबीवर भागवून भाव उतरल्यावर स्लॉट भरता येतो. स्लॉट अजिबात नसलेलेच यंत्र घ्यावे लागले तर 16 जीबीच्या खाली जाऊ नये, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

वाढ करताना पिढी जुळलीच पाहिजे. डीडीआर4 आणि डीडीआर5 च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही; जोर लावून बसवणाऱ्यांचे बोर्ड गेलेले आहेत. वेगवेगळ्या वेगाची मोड्यूले एकत्र आली की दोन्ही कमी वेगाने चालतात, त्यात बिघडत काही नाही, म्हणून जादा वेगाचे पैसे मोजू नयेत. बोर्डावर 8 जीबी असेल तर स्लॉटात 8 घातल्यास दोन्ही मार्ग समान भरतात. 16 घातली तर बहुतेक प्रोसेसर पहिल्या 16 जीबीपुरते दोन्ही मार्ग वापरतात आणि उरलेली 8 जीबी एका मार्गाने चालवतात. तरीही ज्याचे काम 16 जीबीत मावत नाही त्याने 24 जीबीच करावी. जुने यंत्र दुहेरी स्लॉटचे असेल तर त्यातून निघालेले 4 जीबीचे मोड्यूल खणात टाकून ठेवू नये, वसतिगृहात कोणाच्या तरी यंत्रात ते आणखी दोन-तीन वर्षे चालते.